एक नंबर माझ्या खिशात

माणसं सांभाळायची कला शिकायची असेल, तर माझ्याकडे या! नऊ वर्षं मी मंडईजवळच्या एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसतोय. पुण्याचा पेशंट काय चीज असते, ते मला विचारा. डोळ्यांत थेंब घातलेले, समोरचा माणूस दिसत नाही, पण "डॉक्टर सात मिनिटं उशिरा आलेत" हे बरोबर सांगणार! अशा लोकांना मी नऊ वर्षं तोंड दिलंय. आणि तेही हंगामी म्हणून! कायमचं पत्र दर दिवाळीला येणार असायचं आणि दर दिवाळीला चिवड्याचा पुडाच यायचा.

तर एका गुरुवारी आमचे चिटणीस यज्ञेश्वरपंत खिडकीशी आले.

"दीनानाथ, शनिवारी वारज्याचे आप्पासाहेब डोळे तपासायला येतायत."

आप्पासाहेब म्हणजे आम्हाला नवं तपासणीचं यंत्र देणारे देणगीदार. त्यांच्या ज्वारीच्या रानात आता बारा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण यंत्रावरचं नाव रोज पुसत होतो.

"त्यांना एक मिनिटसुद्धा ताटकळायला लागता कामा नये," पंत म्हणाले. "आणखी एक यंत्र द्यायचं म्हणतायत. आणि हे बघा, तुमचं कायमचं पत्र टाइप होऊन माझ्या टेबलावर पडलंय. शनिवार नीट पार पाडा, सही करतो."

"पंत, तुम्ही निर्धास्त राहा! ते आत कधी गेले, हे लायनीला कळणारसुद्धा नाही!"

शेजारी थेंबांच्या बाटल्या लावत बसलेल्या परवीनताई एवढं ऐकून फक्त "हं" म्हणाल्या. बावीस वर्षांची नोकरी आहे त्यांची. त्यांचं "हं" मला कधीच सहन होत नाही.

"काय हं? ज्या माणसाच्या पैशावर यंत्र आलं, त्याला काय बाकावर तासभर बसवायचं?"

"देणगी त्यांनी दवाखान्याला दिली का नंबराला, दीनानाथभाऊ?"

"अहो ताई, असे चार देणगीदार दुखावले ना, तर तुमच्या या बाटल्यांत उद्या नळाचं पाणी भरावं लागेल!"

"आणि लायनीतली चाळीस माणसं दुखावली तर?"

"लायनीला मी बघतो!" मी छातीवर हात ठेवून सांगितलं. ताई पुन्हा "हं" म्हणाल्या.

आता आमच्या लायनीची गंमत सांगतो. आमचा दवाखाना उघडतो साडेआठला. पेशंट येतात पहाटे पाचपासून. पण ते उभे राहत नाहीत. चपला उभ्या राहतात! आलेल्या माणसानं बोळात भिंतीकडेनं आपल्या चपला आधीच्या चपलांमागे लावायच्या आणि शेजारच्या मारुतीच्या देवळात जाऊन गार फरशीवर बसायचं. देवळात चपला नाही तरी काढाव्याच लागतात, म्हणजे एका कामात दोन कामं! साडेआठला यायचं, आपापल्या चपलेत पाय घालायचा, की लाइन तयार. आजवर एकदाही भांडण झालेलं नाही.

शनिवारी मी आठलाच पोहोचलो. इस्त्रीचा शर्ट, पायांत कोरे करकरीत बूट. बोळात बघतो तर चपलांच्या तेवीस जोड्या! म्हटलं, आप्पासाहेब गाडीतून उतरणार आणि पहिलं दर्शन काय, तर हे? एक पोतं आणलं आणि बावीस जोड्या भरून मागच्या कोठारात टाकल्या. बावीसच, कारण सगळ्यात पुढची जोडी पोत्यात टाकायच्याही लायकीची नव्हती. टायरचा तळ, झिजून पापड झालेला, एक पट्टा सुतळीनं बांधलेला. कुणीतरी टाकून दिलेल्या असणार! नेमकी घंटागाडी दाराशी उभी होती. दिल्या भिरकावून! नेम असा बसला, की मीच स्वतःला शाबासकी दिली.

मग कागदाचे नंबर तयार केले. एक नंबर घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि वाटप दोनपासून सुरू करायचं ठरवलं. आप्पासाहेब आले की हळूच खिशातून एक काढायचा आणि त्यांना आत सोडायचं. आहे की नाही डोकं?

साडेआठ वाजले. देवळातून माणसं आली आणि बोळात थबकली.

"चपला कुठायत?"

"सुरक्षित आहेत!" मी खिडकीतून ओरडलो. "आजपासून नवी पद्धत! कागदी नंबर! रांगेत या!"

"कुठल्या रांगेत? रांग तर तुम्ही उचलून नेलीत!" हा आवाज आनंदीबाईंचा. शुक्रवार पेठेत चाळीस वर्षं शाळा चालवलेल्या बाई. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण जीभ शाबूत आहे. मी घाईघाईनं पहिला कागद त्यांच्याच हातात ठेवला.

बाईंनी तो नाकाला लावून वाचला. "दोन. एक कुठंय?"

"एक... दिलाय."

"कुणाला? खिडकी आत्ता उघडली. माझ्यापुढचे गृहस्थ अजून देवळातच आहेत. एक कुणाच्या खिशात आहे?"

माझा हात आपसूक खिशावर गेला. तेवढं मात्र त्यांना दिसलं!

"हे बघा बाई, एक नंबर देणगीदारांसाठी राखीव आहे. ज्यांनी दवाखान्याला दिलं, त्यांना मान नको का द्यायला?"

"हवा की," बाई म्हणाल्या. "तो पंखा बघा."

मी वर पाहिलं. पंख्याच्या दांडीवर नाव होतं. त्यांच्या यजमानांचं!

झालं! सगळी गर्दी एकदम देणगीदार झाली. कुणी म्हणालं भिंतीवरचं घड्याळ आमच्या आईच्या नावाचं, कुणी म्हणालं बाक आमच्या मामांचा. एका काकांनी तर पिण्याच्या पाण्याचा पेला उलटा करून बुडावरचं वडिलांचं नाव दाखवलं! एवढी दानशूर मंडळी मी रोज ताटकळत ठेवत होतो, हे मला नऊ वर्षांत कळलं नव्हतं.

"पंखा मोठा की बाक?" एकानं विचारलं.

"पंख्याला वीज लागते, बाक फुकट चालतो. बाकाला आधी सोडा!"

"मग पंखा बंद करते," आनंदीबाई म्हणाल्या आणि त्यांनी खरंच बटण दाबलं. बाकवाल्यांनी बाकावर बसलेल्यांना उठवलं. घड्याळवाले स्टुलावर चढले. परवीनताई बाटल्या छातीशी धरून भिंतीला टेकल्या. आणि सगळे अनवाणी!

तेवढ्यात पंतांचा आवाज आला. ते गाडीची वाट बघत गल्लीच्या तोंडाशी गुच्छ घेऊन उभे होते.

"अहो आप्पासाहेब! तुम्ही देवळातून कसे?"

धोतर-टोपीतले एक उंच म्हातारे देवळाच्या पायऱ्या उतरत होते. "पहाटं सव्वापाचलाच आलोया. जमीन गेली, पर उठायची सवय काय जात न्हाई. पयला नंबर हाय आपला!"

ते बोळात आले आणि भिंतीकडे बघत राहिले. "आरं, माज्या वहाना कुटं गेल्या?"

मी गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. घंटागाडी एव्हाना कात्रजच्या अलीकडे कुठंही असेल!

"त्या... टायरच्या का?" मी विचारलं.

"व्हय. सुतळी बांदलेल्या. डाव्या पायाला भोवरी हाय, दुसरं काय चालत न्हाई मला."

पंतांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं. काय करणार? पंतांचा गुच्छ हळूहळू खाली आला. त्यांच्या टेबलावरचं माझं पत्र मला डोळ्यांसमोर फाटताना दिसलं. पण एका गोष्टीची मला फार लाज वाटली. नऊ वर्षांत जी लाइन एकदाही मोडली नव्हती, ती मी अर्ध्या तासात मोडली होती. म्हटलं, नोकरी गेली तर जाऊ दे, लाइन लावूनच घरी जायचं!

कोठारातून पोतं ओढत आणलं आणि बोळात ओतलं. "बाई, कुणाच्या कुठे होत्या?"

"शाळेत साठ मुलांची हजेरी तोंडपाठ होती माझी," आनंदीबाई म्हणाल्या. "लावा. तिसरी ती हिरव्या पट्ट्याची. चौथ्या त्या कोल्हापुरी..."

मी गुडघ्यांवर बसून एकेक जोडी लावत गेलो. इस्त्री गेली, शर्ट गेला, पण बावीस जोड्या लागल्या. फक्त सगळ्यात पुढची जागा रिकामी राहिली.

"चपला न्हाईत तर नंबर न्हाई," आप्पासाहेब म्हणाले. "मी मागं जातो."

"अहो, असं कसं! तुम्ही आमचे देणगीदार!" पंत कळवळून म्हणाले.

"यंत्र दिलं म्हंजी काय लाइन इकत घेतली का पंत?"

"थांबा," आनंदीबाई म्हणाल्या. "पहिली जोडी यांचीच होती. मी दुसरी होते, डोळ्यांनी पाहिलंय. आणि माझ्या डोळ्यांचा दाखला याच दवाखान्यानं दिलाय!"

लायनीनं माना डोलावल्या. मी मुकाट्यानं खिशातली घडी काढली आणि आप्पासाहेबांच्या हातात ठेवली. एक नंबर! जो माणूस स्वतःच्या हक्कानं पहिला होता, त्याला पहिला करण्यासाठी मी एवढा आटापिटा केला होता. परवीनताई "हं" सुद्धा म्हणाल्या नाहीत, हे जास्त लागलं.

तपासणी झाल्यावर मी माझे कोरे बूट त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी डाव्या बुटाला करंगळीजवळ ब्लेडनं भोक पाडलं, पाय घालून पाहिला आणि "ब्येस!" म्हणून ते बूट घालून गाडीत बसले. मी अनवाणी घरी गेलो.

पंधरा दिवसांनी त्यांच्याकडून देणगी आली. यंत्र नाही, चपलांची लाकडी मांडणी! चाळीस खण, प्रत्येकावर नंबर. आप्पासाहेबांनी रंगाऱ्याला सांगितलं होतं म्हणे, "त्या दीनानाथाची आठवण म्हणून त्याचं नाव टाक." रंगाऱ्यानं आजवर आमच्याकडचे पंखे, बाक आणि पेलेच रंगवलेले. त्यानं सवयीनं ठळक अक्षरांत लिहून टाकलं: 'कै. दीनानाथ यांच्या स्मरणार्थ'.

पंतांनी सही केली हो पत्रावर, आप्पासाहेबांनी फोन केला म्हणून! पण पाटी पुसायची परवानगी देत नाहीत. म्हणतात, देणगीदाराला वाईट वाटेल. त्यामुळे रोज पहाटेचे नवे पेशंट चपला खणात ठेवतात, पाटी वाचतात, हात जोडतात आणि साडेआठला खिडकीशी येऊन हळहळत मलाच विचारतात, "भला माणूस होता हो. कशानं गेले?"