फ्लूच्या विषाणूने दरबारी गोळीस न जुमानिल्याची हकीकत

श्रीधन्वंतरी प्रसन्न असो आणि वाचणाराचा घसा निर्मळ राहो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, पौष मासी वर्तमान जाहले ते ऐसे. राज्यात दर हिवाळ्यास फ्लूचा ज्वर येई आणि त्यावर एकच गोळी चाले, तीस दरबारी गोळी म्हणत, कारण डबीवर प्रधान त्रिंबकपंतांची तसबीर होती. विषाणूंच्या परीक्षणखान्यावर विदुषी सगुणाबाई रेगे नेमिल्या होत्या. रोग्यांच्या घशांतील विषाणू आणवावा, काचपात्रात वाढवावा आणि गोळीचा अर्क घालून मरतो की नाही पाहावे, हे त्यांचे काम. त्या वर्षी अर्क घातला आणि विषाणू मरेना, मग अधिक घातला तरी सुखे वाढत राहिला. मग दुसऱ्या जातीचे औषध घातले, तेव्हां कोठे वाढ खुंटली. बाई तैशाच दरबारी गेल्या आणि म्हणाल्या, "विषाणूने रूप पालटले. गोळी चालत नाही. दुसरे औषध दवाखान्यांत पाठवावे."

त्रिंबकपंत थोर मुत्सद्दी, शिंक आली तरी समिती नेमीत. ते हसून बोलिले, "बाई, गोळी चालत नाही म्हणजे आम्ही चालत नाही, ऐसा अर्थ होतो." मग मानकरी माना डोलवू लागले आणि राजवैद्य सर्वांहून अधिक डोलविते जाहले. ठराव जाहला की परीक्षणखान्यास कुलूप घालावे, तपासणी नाही म्हणजे बिघाड नाही. कुलूप पडले आणि गावोगाव माणसे गोळ्या गिळून फणफणत राहिली आणि कित्येक म्हातारी, लेकरे दगावली. बाईंस अन्न गोड लागेना.

मग ज्वर राजवाड्यात शिरला आणि राजमातोश्री अंथरुणास खिळल्या. गोळी दिधली, उतार नाही. तेव्हां त्याच पंतांनी बाईंस पालखी धाडिली आणि कानी लागून म्हणाले, "ते दुसरे द्या. वाच्यता नको." बाईंच्या मनी आले की थुंकून परतावे, परंतु म्हातारीची धाप ऐकिली आणि औषध दिधले. ताप उतरला. मग दरबार भरला, गोळीचा जयजयकार जाहला आणि पंतांस मानाची वस्त्रे मिळाली. सगुणाबाईंस राहवेना. त्या उठून म्हणाल्या, "मातोश्री, आपणांस गोळीने नव्हे, दुसऱ्या औषधाने गुण आला. लोकांस अद्याप गोळीच देताहेत."

पंत खोकत खोकत म्हणाले, "बाई भ्रमल्या."

मातोश्रींनी त्यांचे लाल डोळे पाहिले आणि म्हणाल्या, "पंत, तुम्हांसही ताप दिसतो. घ्या आपली गोळी, आम्हांदेखत."

पंतांनी गोळी हाती धरिली, आणि तोंडाशी नेईनात. मग बाईंकडे वळून हळूच पुसिले, "दुसरे शिल्लक आहे काय?" ते भर दरबारी ऐकू गेले. त्याच दिवशी कुलूप निघाले आणि दुसरे औषध गावोगाव रवाना जाहले. पंतांसही बाईंनीच पाजिले, कडू तोंडाने.

तात्पर्य इतुकेच की विषाणू एका हिवाळ्यात बदलला, आणि दरबारास बदलावयास स्वतःचा खोकला लागला. मधल्या दिवसांत जे गेले, त्यांची नावे कोणी पुसिली नाहीत. लेखनास येथे विराम.