जनतेची वायर, घरची वायर

मुरलीभाऊच्या गिटारीच्या वायरींना नाडे बांधलेले होते. एका वायरीला परकराचा लाल नाडा, दुसरीला लेंग्याचा पांढरा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हबकलोच. मला वाटलं, माणूस धुणं वाळू घालत होता, कुणीतरी हाक मारली आन् तसाच गिटार घेऊन निघून आला.

मी तेव्हा नुकताच बारावीत आपटून आमच्या जालन्याच्या ऑर्केस्ट्रात मिमिक्रीवाला म्हणून लागल्तो. मालक बंडूशेठ. मस्तगड भागात त्यांचं मंडपाचं दुकान आन् वर माळ्यावर आमची प्रॅक्टिस. मुरलीभाऊ दिवसा एका रोलिंग मिलमधी लाल लोखंड ओढायचे आन् संध्याकाळी गिटार वाजवायचे. पायाशी त्यांचा प्रोसेसर, म्हणजे पायानं बटण दाबलं की गिटारीचा आवाज बदलून देणारी पेटी. जिवापलीकडं जपायचे तिला.

तर त्या पेटीला मागं दोन भोकं. साऱ्या दुनियेचे गिटारवाले एक वायर काढतात, मिक्सरमधी घालतात आन् मोकळे होतात. मंग मिक्सरवाला तो आवाज जिकडं पाहिजे तिकडं वाटतो. मुरलीभाऊला हे बिलकुल मंजूर नव्हतं. लाल नाड्याची वायर मिक्सरमधी, तिथून मैदानातल्या मोठ्या स्पीकरला. पांढऱ्या नाड्याची वायर सरळ त्यांच्या पायापुढच्या मॉनिटरला. मॉनिटर म्हणजे वाजवणाऱ्याला त्याचं त्यालाच ऐकू यावं म्हणून त्याच्याकडं तोंड करून ठेवलेला डबा. दोन्ही वायरींचा आवाज पेटीवर वेगवेगळा लावायचे, आन् तो लावताना वर असे वाकायचे की आपल्याला काही दिसू नये.

"जनतेचं जनतेला, घरचं घराला," असं त्यांचं ठरलेलं वाक्य.

आमचे साउंडवाले सलीमभाई दर कार्यक्रमाला विनवायचे, "मुरलीभाई, एकच वायर देव ना. मॉनिटर में मैं देतूँ."

"माझे कान मी दुसऱ्याच्या हातात देणार न्हाई," मुरलीभाऊ म्हणायचे.

बोलणं मोजकंच. आपण बोलायला लागलो की आपल्या तोंडाकडं टक लावून बघायचे, जशी काय आपल्या दातात मेथी अडकली. आन् सगळ्याला एकच उत्तर, बराबर. "मुरलीभाऊ, जेवले का?" बराबर. "मुरलीभाऊ, जीप किती वाजता निघती?" बराबर. "च्यात साखर कमी का जास्त?" बराबर. मंग पोऱ्या आपल्या मनानं पाक करून आणायचा आन् हे एरंडेल घेतल्यासारखं तोंड करून प्यायचे.

असा माणूस हाताशी असल्यावर मी सोडतो का? स्टेजवर सगळ्यात जास्त टाळ्या मला मुरलीभाऊच्या नकलेवर पडायच्या. मान खांद्यात घालायची, नाकातून "जनतेचं जनतेला" म्हणायचं, आन् कुणी कायबी विचारलं की "बराबर." लोक लोळायचे. मुरलीभाऊबी माझ्या मागं उभे राहून हसायचे. पण सगळे हसले की मंग, जरा उशिरानं. बंडूशेठ म्हणायचे, "बघ गज्या, तोंडावर टिंगल करतो तरी हसतो. लई दिलदार माणूस."

मलाबी तसंच वाटायचं.

मंग वाटूरचा गणपतीचा कार्यक्रम आला. मुरलीभाऊची मिलमधली पाळी लांबली, ते एस.टी.नं मागून आले आन् हापशावर हातपाय धुवायला गेले. तेवढ्यात सलीमभाईंनी त्यांची पेटी जोडायला घेतली. बघतो तर दोन्ही नाडे गुलाबी. मुरलीभाऊच्या घरी वहिनीनं सणाची धुणी काढली, त्यात वायरींचे नाडेबी सोडून एकाच बादलीत भिजू घातल्ते.

"मियाँ, ये तो जुडवाँ हो गए," सलीमभाई म्हणले आन् अंदाजानं खुपसून दिल्या.

पहिलं गाणं सुरू झालं. मुरलीभाऊनं तार छेडली आन् मैदानातून असा आवाज आला, जसं कुणी पत्र्याचं अख्खं शेड दातानं फाडून राह्यलं. बायांनी पदर कानात कोंबले. पुढं बसलेले सरपंच खुर्चीसकट मागं सरकले. लेकरं रडायला लागली. सलीमभाई मिक्सरवर बटणं शोधू लागले आन् मी विंगेत आ वासून उभा. कारण मुरलीभाऊ आरामात वाजवत होते. आरामात बी न्हाई, कपाळाला आठ्या घालून. मॉनिटरकडं वाकले, डोकं हलवलं आन् पेटीवरचा आवाज अजून वाढवला.

मी पळत त्यांच्या मागं गेलो. "मुरलीभाऊ, थांबा." काहीच न्हाई. अजून मोठ्यानं म्हणलो. हातभर लांब होतो मी. मंग बंडूशेठचा आवाज काढला, ज्याला आमचा ढोलकवाला झोपेतबी दचकतो. मुरलीभाऊची मान हलली न्हाई. त्यांची नजर ढोलकवाल्याच्या हातावर. तेव्हा ध्यानात आलं, ही नजर रोजच तिथं असते. ठेका ते ऐकत नव्हते, बघत होते.

मी खांद्यावर हात ठेवला. करंट बसल्यासारखे वळले. असा भ्यालेला चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता.

"गज्या," ते म्हणले, "माझी घरची वायर गेली कुठं?"

तोवर बंडूशेठ स्टेजवर चढले. "काय रे मुरली, बहिरा झाला का काय?"

मुरलीभाऊनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. बंडूशेठच्या तोंडात पान होतं.

"बराबर," मुरलीभाऊ म्हणले.

माइक चालूच होता. अख्खं वाटूर हसलं. स्टेजबी हसलं. मला मात्र हसू आलं न्हाई. इतक्या दिवसांची माझी नक्कल, त्या टाळ्या, ते उशिरानं हसणं, सगळ्याचा अर्थ एकदम लागला. ह्या माणसानं माझा एक शब्दबी ऐकलेला नव्हता.

सलीमभाईंनी गपचूप उलट्या लागलेल्या वायरी बदलल्या, घरचा तेवढा मोठा आवाज परत घरच्या डब्यात गेला आन् पुढचा कार्यक्रम पार पडला. दुसऱ्या दिवशी माळ्यावर बंडूशेठ म्हणले, "अजून एकदा असं झालं तर गिटार बंद. कॅसिओत गिटारचं बटण हाय. त्याला जीपमधी जागाबी लागत न्हाई."

मुरलीभाऊ तेवढं बराबर समजले. पेटी फडक्यात गुंडाळायला लागले.

सलीमभाई खाली जाऊन सायकलची जुनी ट्यूब घेऊन आले. तिची एक कडी कापून घरच्या वायरीवर चढवली. "ये धोने पे बी रंग नहीं छोडती," एवढंच म्हणले. माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. मिलमधी इतकी वर्षं काढलेल्या माणसाच्या कानाचं काय होतं, ते आम्ही बोललो न्हाई. कुणापाशीच न्हाई.

पुढचा कार्यक्रम घनसावंगीला. दुपारी मैदानात मंडपवाले सोडून कुणी नव्हतं. मुरलीभाऊ मॉनिटरपुढं बसून तारा लावत होते. त्या डब्याला मागं अजून एक भोक होतं. मी सलीमभाईंना खूण केली, त्यांनी माझा माइक त्यात सोडला आन् आवाज असा वाढवला की डब्याची जाळी थरथरली.

मी बंडूशेठ काढले. सरपंच काढले. सलीमभाई काढले. मुरलीभाऊचे हात तारांवरच थांबले. मंग मान खांद्यात घालून मी नाकातून म्हणलो, "जनतेचं जनतेला, घरचं घराला."

ते माझ्या तोंडाकडं बघत नव्हते. पहिल्यांदाच. डब्याकडं बघत होते.

"मी असा बोलतो?"

"जरा वाढवून सांगितलं," मी म्हणलो.

ते हसले. ह्या वेळी कुणाची वाट न बघता. मंग म्हणले, "इतके आवाज काढले. ह्यातला तुझा कोणता?"

मिमिक्रीवाल्याला हे कुणी विचारत न्हाई. मी माइक परत तोंडाशी धरला. आन् माझ्याच आवाजात साधंच विचारलं, "मुरलीभाऊ, च्या सांगू का?"

त्यांनी डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकलं.

"मला वाटल्तं, तुझा आवाज जाड असंल," ते म्हणले. मंग म्हणले, "बराबर. सांग च्या."

मी माइक खाली ठेवत होतो, तेवढ्यात त्यांनी हात केला.

"आन् साखर कमी सांग त्याला. लई गोड पिऊन राह्यलो इतके दिवस."