गप्प राहण्याचा तास

"प्रश्न विचारायचा आणि मुलांचं उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं. आज एवढंच बघा," रेणुका मॅडमनी तिसरीच्या वर्गात मागे बसलेल्या तिघा पाहुण्या शिक्षकांना सांगितलं.

दुसरबीडच्या आसपासच्या शाळांतले हे चौघे महिन्यातून एकदा एकमेकांचा तास बघायला जमत. मागच्या खेपेला रेणुका बोलून गेली होती, "किसनराव सर, तुमच्या वर्गात प्रश्न बी तुमचा अन् उत्तर बी तुमचंच." किसनराव उखडले होते. "मंग तुमी दाखवा गप राहून!" आज तास फसला, तर गटात पुन्हा कुणाला काही सुचवायला तिला तोंड राहणार नव्हतं.

"चार भाकरी, जेवणारे सहा. सारख्या कशा वाटाल?" तिने कागदाच्या चार गोल भाकरी टेबलावर मांडल्या आणि गप्प झाली.

वर्गही गप्प झाला. मुलांना घाई नव्हती. तगमग सुरू झाली ती मागच्या बाकांवर. धम्मदीप सरांनी एका मुलाला हळूच बोटं दाखवली. पूनम मॅडम खोकल्या आणि खोकल्यातच काहीतरी सांगून मोकळ्या झाल्या.

"एकेकीचे तीन-तीन तुकडे करा ना बे!" अखेर किसनराव बोलले.

"तीन काऊन, सर? आधी अर्ध्या करू द्या त्याइले," पूनम मॅडम म्हणाल्या.

"अन् दोन अर्ध्या उरतीन, त्या काय तुमी खासान?"

दोघं खडू घेऊन फळ्यापाशी पोचले, मागोमाग धम्मदीप सर. मुलं आता मन लावून बघू लागली.

"तिघंही व्हरांड्यात जाऊन उभे राहा," रेणुका म्हणाली. तिघं निमूट गेले.

मग प्रतीक्षा उठली. तिने चारही भाकरी मधोमध फाडल्या, सहा जणांना एकेक अर्धी दिली आणि उरलेल्या दोन अर्ध्या हातात धरून थांबली. खिडकीत किसनराव स्वतःचं तोंड दाबून उभे होते. प्रतीक्षा एकदा भाकरीकडे बघे, एकदा मुलांकडे. रेणुका टेबलाकडे एक पाऊल सरकली.

"अगं, त्यांचे तीन-तीन तुकडे कर ना!" तिच्या तोंडून निघून गेलं.

"मॅडम, मी तेच करून राह्यली होती," प्रतीक्षा रडवेली होऊन म्हणाली.

खिडकीतून कुणी चकार शब्द काढला नाही. रेणुका मुकाट्याने व्हरांड्यात गेली. किसनरावांनी थोडं सरकून तिला खिडकीत जागा करून दिली.