घाडींचा लाइटनिंग कॉल

फोनवर बोलण्याआधी केस विंचरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दत्ताराम घाडी. आमचे शेजारी, भिंतीला भिंत. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता धुतलेला शर्ट घालून आमच्या दारात हजर. चपला बाहेर काढायच्या, खिशातून कंगवा काढायचा, आमच्याच आरशात भांग पाडायचा आणि मग साहेबाने केबिनमध्ये बोलावल्यासारखं फोनसमोर ताठ उभं राहायचं.

"अहो घाडीभाऊ, पोराला काय फोनवर तुमचा भांग दिसणार आहे?" मी विचारायची.

"ताई, तुमी नंबर लावा," ते म्हणायचे. विषय संपला.

मी टेलिफोन ऑपरेटर. ड्युटी घाटकोपरला. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांना 'होल्ड करा' सांगायचं आणि घरी आलं की पुन्हा तेच. खात्यातली नोकरी म्हणून आमच्याकडे फोन लवकर आला. मुलुंडच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये तो एकच, म्हणजे तो बिल्डिंगचाच झाला. लोकांनी लग्नपत्रिकांवर आमचा नंबर छापला आणि पुढे 'पीपी', म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, असं लिहून मोकळे झाले. कुणाची सासू आजारी, कुणाचा पाहुणा दादरला उतरलाय, सगळं आधी मला कळायचं. तेही मी सहन केलं. घाडी मात्र माझ्या डोक्यात जायचे.

माणूस वाईट नव्हता. तिथेच तर पंचाईत होती. गिरणीत होते, संपानंतर गिरणी उघडलीच नाही, मग कांजूरच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये लागले. बायको मुलगा चौथीत असतानाच गेली. तेव्हापासून त्या अनिलला, म्हणजे त्यांच्या बाबूला, या माणसाने एकट्याने वाढवला. वाढवला म्हणजे काय, पाळण्यातून खाली उतरूच दिला नाही. दहावीच्या परीक्षेला पेपर संपेपर्यंत शाळेच्या फाटकापाशी उसाचा रस घेऊन उभे. रसाची काय वाट लागली असेल ते सांगायला नको. बाबू अकरावीला गेला तरी त्याची शर्टाची बटणं हेच तपासणार. आणि असा हा मुलगा मार्क मिळवून इंजिनिअरिंगला गेला तो थेट सांगलीकडे. होस्टेलवर.

तेव्हापासून रविवारचे ट्रंक कॉल सुरू झाले. होस्टेलमध्ये फोन एकच, रेक्टरच्या खोलीत. कॉल लागला की घाडी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरायचे आणि ओरडायचे. असे ओरडायचे की मधल्या तारेची गरजच नव्हती.

"बाबू! जेवलंस? न्हालंस? पोट साप? झोप लागता?"

चार प्रश्न. दर वेळी हेच चार, याच क्रमाने. उत्तर ऐकायला रिसीव्हर कानाजवळ तरी न्यावा ना? नाही. पलीकडून काहीतरी बारीक आवाज यायचा की हे खूश. "बरां. इतक्याच इचारूचा होता." खटकन फोन खाली. तीन मिनिटांचा कॉल बुक करून हा माणूस अर्ध्या मिनिटात आटपायचा. बाबूचं पोट साफ झालं की नाही, याची काळजी मात्र तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना लागून राहायची. माझी मुलगी तर पाढ्यांच्या चालीवर ते चार प्रश्न म्हणायला लागली होती.

दिवाळीनंतर मला बाबूचं पत्र आलं. मला, बापाला नाही. 'ताई, बाबांना सांगा फोन करू नका. रेक्टरच्या दाराबाहेर पोरं उभी राहून ऐकतात. मला सगळे पोटसाफ म्हणतात. मेसमध्ये मी एकटा जेवतो. माझं इथे मन लागत नाही, अभ्यास होत नाही, कॉलेज सोडून यावंसं वाटतं.' आणि खाली, वेगळ्या शाईत: 'पण मागच्या रविवारी लाइन लागली नाही तर मी साडेआठपर्यंत दाराशीच बसलो होतो. मग झोप आली नाही.'

मला इतका संताप आला म्हणून सांगू! अठरा वर्षांचा घोडा, फोन आला तर लाज वाटते आणि नाही आला तर झोप येत नाही! पण बाबूवर तरी काय चिडायचं? त्याला तसा कुणी केला? मी तडक घाडींकडे गेले. म्हटलं, "घाडीभाऊ, फोन कमी करा. पोराला जरा श्वास घेऊ द्या. त्याला तिथे मित्र होत नाहीयेत. असंच चाललं तर तो कॉलेज सोडून परत येईल."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चेहरा गंभीर. मग म्हणाले, "म्हणजे तो बरोबर जेवणा नाय."

भिंतीवर डोकं आपटावं, तर ती भिंतही त्यांच्याचकडची.

पुढचे दोन रविवार लाइन डाऊन होती. घाडींची नुसती तगमग. एकदा मला विचारलं, "ताई, लवकरात लवकर लागता असो कॉल खंयचो?" मी मूर्ख. बोलून गेले, "लाइटनिंग. पण तो कुणी गेलं-बिलं तरच करतात हो." त्यांनी पहिला शब्द घेतला, बाकीचा सोडून दिला.

त्याच आठवड्यात मी ड्युटीवर असताना हे भरदुपारी आमच्या घरी आले. सासूबाईंना म्हणाले, "अर्जंट काम आसा." भांग पाडला. लाइटनिंग कॉल बुक केला. लगेच लागला. रेक्टरने उचलला. घाडींनी छाती भरून आरोळी ठोकली, "अनिल घाडीचे वडील…" आणि लाइन तुटली, ती पुन्हा लागलीच नाही.

आता तुम्हीच सांगा. मुंबईहून लाइटनिंग कॉल. अनिल घाडीचे वडील. पुढे काही नाही. रेक्टरने काय समजायचं? त्याने जे समजायचं तेच समजलं. पोराला वर्गातून बोलावलं, पाठीवर हात ठेवला आणि सोबतीला दोन मुलं देऊन एसटीत बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. जिन्यात पावलं वाजली म्हणून दार उघडलं तर बाबू. डोळे सुजलेले, चेहरा राखेसारखा. एका आडदांड पोराने त्याला दंडाला धरलेलं, दुसऱ्याच्या हातात त्याची बॅग. तिघंही गॅलरीत येऊन थबकले, कारण समोरून घाडी येत होते. कमरेला टॉवेल, दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या.

"बाबू!" घाडी ओरडले. "तू कसो इलंस? कॉलेज नाय आज?" आणि लगेच, "जेवलंस?"

बाबू मटकन जिन्याच्या पायरीवर बसला.

"तुम्ही गेलात असं वाटून आलो मी!"

"मी खंय गेलंय? मी पाणी भरतंय."

मग तो मुलगा उठला. ज्याचा आवाज आम्ही कुणी कधी ऐकला नव्हता, तो असा फुटला की चारही मजल्यांची दारं उघडली. "रात्रभर एसटीत रडत आलो मी! मुंबईत उतरून कुणाला काय विचारायचं, पुढचं सगळं कुणी करायचं, हेच डोक्यात! कशासाठी फोन केला होता तुम्ही? कशासाठी?"

घाडींनी बादल्या खाली ठेवल्या. "तुझो स्वेटर हयच रवलो," ते म्हणाले. "थंडी पडली म्हणान…"

"स्वेटर!" बाबू म्हणाला. "यापुढे तुम्ही मला फोन करायचा नाही. मला करायचा तेव्हा मी करीन. नाही केला तर नाही."

आणि मी? मी कशाला मागे राहते? मीही तोंड सोडलं. "तुमच्या जिवाला चैन पडत नाही म्हणून पोराचा जीव घेता का? हे प्रेम नाही घाडीभाऊ, हा जाच आहे, जाच!" आजही मला वाटतं मी बरोबर बोलले. पण कमरेला टॉवेल गुंडाळून उभ्या असलेल्या माणसाला, अख्ख्या बिल्डिंगसमोर, ते बोलायला नको होतं.

तिन्ही पोरांना मी घरात घेतलं. बाबू न्हाणीघरात तोंड धूत होता. तो आडदांड, पाटील त्याचं नाव, चौथी चपाती मोडता मोडता म्हणाला, "काकी, ह्याला चिडवायला सुरुवात मीच केली. पण खरं सांगू का? रविवारी फोन आला की आम्ही सगळे दाराशी जातो. आमच्या बापानं अजून एकदाबी नाही विचारलं, जेवलास का म्हणून." आणि पुढची चपाती घेतली.

संध्याकाळच्या गाडीने तिघं परत गेले. पाटीलने बाबूच्या खांद्यावर हात टाकलेला. स्वेटर बाबूने नेला नाही.

त्या रविवारी सातला दार वाजलं. घाडी. धुतलेला शर्ट. भांग पाडून झाला. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "लावचो नाय, ताई. नुस्तो बसतंय." आणि फोनशेजारच्या स्टुलावर बसले. आठपर्यंत बसले, मग चपला घालून गेले. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. शर्ट अंगावर ढगळ होत चालला होता. ते मला दिसत होतं आणि मी ते बघत नव्हते. आता मला त्या बाबूचाच राग यायला लागला. अरे, एवढा काय ताठा? एक फोन कर की मेल्या!

महिना उलटून गेल्यावर एका रविवारी सव्वासातला फोन वाजला. मी उचलला. सांगली लाइन. "ताई, बाबा आहेत का तिथे?" मागे पोरांचा गलका ऐकू येत होता.

घाडी उठून उभे राहिले. रिसीव्हर घेतला आणि पहिल्यांदाच कानाला अगदी चिकटवून धरला. त्याचा काही उपयोग नव्हता. मुलगा बापाचाच, असा ओरडला की स्वयंपाकघरात मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"बाबा! जेवलंस? न्हालंस? पोट साप? झोप लागता?"

घाडी इतक्या हळू बोलले की मला हातातला चमचा थांबवावा लागला.

"जेवूक नाय," ते म्हणाले. "सकाळधरना नाय. एकट्यासाठी चूल पेटवूक नको वाटता."

मी तिथेच उभी राहिले. भिंतीला भिंत आमची. त्यांच्याकडून फोडणीचा वास येत नाही, हे मला कळू नये? दिवसभर लोकांचे आवाज जोडून देणारी बाई मी, आणि या माणसाला एका शब्दाने विचारलं नाही. इतका राग आला, स्वतःचाच, की ताट घेतलं, भात वाढला, कालवण ओतलं आणि बाहेर येऊन ते त्यांच्यापुढे आपटलं.

घाडींनी ताटाकडे पाहिलं. फोनमध्ये म्हणाले, "ताईनी वाढल्यानी. जेवतंय आता."

"बरां," पलीकडून आवाज आला. "इतक्याच इचारूचा होता."

फोन बंद झाला. घाडी रिसीव्हर कानाला तसाच लावून उभे.

"ठेवा तो!" मी ओरडले. "आणि बसा खाली. भात थंड होतोय."