काकूंचं मौन आणि कुईं करणारी तार

काकूंनी फार वर्षांपूर्वी एक नवस केला होता. काकांची बदली रद्द झाली तर दर गुरुवारी, उठल्यापासून दिवे लागेपर्यंत, मौन पाळीन. बदली रद्द झाली आणि तेव्हापासून गुरुवारी काकूंच्या तोंडाला कुलूप. (काकांच्या मते देवाने एकाच अर्जावर दोन गोष्टी मंजूर केल्या.) मौन म्हणजे अगदी कडक. लिहूनसुद्धा काही सांगायचं नाही, कारण लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच, आणि देवाला वाचता येतं.

काकांनी गिटारच्या दुसऱ्या रेकॉर्डिंगसाठी मुद्दाम गुरुवार धरला. घरात त्याहून शांत दिवस मिळणार नव्हता.

काका विम्याच्या ऑफिसात कारकून, पण तरुणपणापासून गिटार वाजवतात. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा तिने हट्टच धरला, "मी हॉलमध्ये येताना बाबांनी वाजवलेलीच धून लागली पाहिजे." काकांचे पाय जमिनीला लागेनात. त्यांनी धून एकदा रेकॉर्ड केली आणि होणाऱ्या जावयाला पाठवली. जावई स्टुडिओत आवाजाचंच काम करणारा. त्याचा फोन आला. आधी त्याने पुष्कळ कौतुक केलं, आणि काकांना तिथेच संशय आला.

"फक्त एक आहे, बाबा. हात सरकवताना बोटं जाड तारांवर घासतात, तिथे कुईं कुईं येतं. धून राहते बाजूला, तेच कानात जातं. बोटं ओढू नका, उचलून ठेवा."

"बघतो," काका म्हणाले, आणि फोन ठेवून काकूंकडे वळले. "हा पाळण्यात होता तेव्हापासून वाजवतोय मी. आता हा मला बोटं उचलायला शिकवणार."

लेकीने आईला स्वयंपाकघरात गाठून खरी गोष्ट सांगितली. गुरुवारी संध्याकाळपर्यंत नीट रेकॉर्डिंग मिळालं नाही, तर हॉलवाले त्यांच्याकडची कुठलीतरी तयार धून लावणार. "बाबांना बोलू नकोस. जेवण टाकतील."

गुरुवारी काका आंघोळीला गेले, तेव्हा काकू देवापुढून उठून थेट गिटारपाशी आल्या. कुईं म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. खिडकीची बिजागरी कुईं करत होती, कपाटाचं दार करत होतं, पंखा तर रडतच होता. साऱ्यांना काकूंनीच गप्प केलं होतं. त्यांनी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणली, देवाचं नाव घेतलं (मनातल्या मनात) आणि एकेका तारेला वरून खालून, बाळाला चोळावं तसं तेल चोळलं.

काका आले. खिडकीला गादी टेकवली, आवाज घुमू नये म्हणून कपड्यांचं कपाट उघडं टाकलं, माईक लावला आणि सुरू झाले. कुईं नाही. एकदाही नाही. दाराआडून काकूंनी हात जोडले.

पण धूनही नव्हती. तारा उशीवर थापट्या माराव्यात तशा ढबढब वाजत होत्या. बोटं ठेवली तिथे थांबत नव्हती, घसरगुंडीवरच्या पोरांसारखी खाली येत होती. काकांनी पुन्हा धरलं. पुन्हा ढबढब. ते हाताकडे बघत राहिले.

"अगं, बोटं गेली माझी," ते हळूच म्हणाले. "ताकदच नाही राहिली."

काकूंनी घाईघाईने शिलाई मशीनकडे बोट दाखवलं.

"आता शिवायला बसतेस? बस बाई, तुझं चालू दे."

काकूंनी नकारार्थी मान हलवली आणि चिमटीने थेंब टाकून दाखवले.

"डोळ्यात थेंब? डोळ्यांना काय झालंय?"

शेवटी काकूंनी बाटलीच आणून पुढ्यात ठेवली. काका गहिवरले. "असं होय. सांध्यांना चोळू म्हणतेस." आणि काकू हात धरेपर्यंत त्यांनी दहाही बोटांना मशीनचं तेल चोळलं होतं. मग त्यांनी तेलकट हातानेच जावयाला फोन लावला. "दुसऱ्या कोणाला तरी सांगा. माझ्या हातांनी दगा दिला."

लेक आणि जावई कपड्यांची खरेदी टाकून धावत आले. लेकीने बाबांचा हात हातात घेतला, तो निसटला. जावयाने गिटार उचलली, तारेवरून बोट फिरवलं, वास घेतला.

"बाबा, तारांना तेल कोणी लावलं?"

"तारांना कशाला? मी तर बोटांना लावलंय."

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पंख्याकडे पाहिलं.

"अगं, तुला काय, हे दार वाटलं?" काका म्हणाले. पण बोटं शाबूत आहेत म्हटल्यावर त्यांना रागवायला जमेना.

जावयाने गिटार पुसून काढली आणि तारा बदलल्या. दुकानात होत्या त्या आणल्या, कोऱ्या, खरखरीत. त्या नव्या चपलांसारख्या जुन्यांपेक्षा जास्त कुरकुरल्या. खिडकीबाहेर ऊन उतरू लागलं होतं. लेक सारखी फोनवर वेळ बघून तो उलटा करून ठेवत होती.

"माईक इकडे घेऊ," जावई म्हणाला. "डाव्या हातापासून लांब, तारा जिथे खाली बांधल्यात त्या बाजूला. आणि बाबा, हात लांब सरकवायची ती मोठी उडी आहे ना, तिथे बोट न ठेवता एक मोकळी तार वाजत ठेवा. ती वाजतेय तोवर बोटं सरळ उचला. कोणाला कळणारही नाही."

काकांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं.

"परत सांग," ते म्हणाले. "सावकाश."

त्यांनी हात साबणाने धुतले, कोरडे केले आणि शिकाऊ पोरासारखे बसले. दोनदा चुकले. तिसऱ्या खेपेला मोठी उडी आली, मोकळी तार घुमली, बोटं उचलली गेली आणि पलीकडे अलगद टेकली. लेकीने डोळे पुसले. शेवटचा सूर लांबत चालला. तो पुरता विरेपर्यंत कोणी हलू नये म्हणून जावयाने हात वर धरला.

तेवढ्यात समोरच्या घरात दिवा लागला.

काकूंचं मौन सुटलं. सकाळपासून जिभेच्या टोकावर अडून बसलेलं वाक्य ठणठणीत आवाजात बाहेर आलं:

"अहो, शर्ट उलटा घातलाय तुम्ही."

जावई हसत म्हणाला, "शेवट कापून टाकतो." त्याने कापलाही. पण घाईत हॉलवाल्याकडे दोन्ही गेली होती, त्याने न कापलेलंच लावलं. लेक आत आली, धून सुरेख वाजली, कुठे कुईं नाही की काही नाही. शेवटचा सूर विरला, हॉल गहिवरून गप्प झाला, आणि वरून काकूंचा आवाज आला. हॉलमधल्या झाडून साऱ्या नवऱ्यांनी खाली आपापल्या शर्टाकडे पाहिलं. नवरदेवानेसुद्धा. नंतर पाहुणे काकांना भेटून गेले, पण गिटार कोणी वाजवली हे एकानेही विचारलं नाही. "त्या बाई कोण हो?" एवढंच विचारत होते.

तेव्हा बायांनो, तुमच्याही घरात कोणी असा जीव लावून वाजवत असेल, तर त्याच्यासाठी एक नवस जरूर बोला. मौनाचा बोललात तरी चालेल. फक्त देवाला आधीच सांगून ठेवा, दिवे लागले तरी रेकॉर्डिंग बंद होईपर्यंत मी गप्पच राहीन.