एका कॉम्प्युटरला दोन जावई

जावयाला नाही म्हणणं रामकिशनरावांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं. मागल्या दिवाळीला थोरले जावई बालाजीराव कनेरगाव नाक्याहून औंढ्याला आले आणि सासऱ्याच्या जुन्या कॉम्प्युटरला व्हायरस लागू नये म्हणून कौतुकाने एक अँटिव्हायरस घालून गेले. संक्रांतीला धाकटे जावई सुरजराव आले. त्यांनीही आपल्याकडून म्हणून दुसरा घातला. एक आधीच आहे, एवढं सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मग थोरल्याचा ठेवला आणि धाकट्याचा परत केला, असं दिसलं असतं. (त्या वेळी रामकिशनरावांच्या अंगात थोरल्यांनी दिलेला स्वेटर होता आणि त्यावर धाकट्यांनी दिलेला. माणसाला हे जमतं.)

कॉम्प्युटरला ते जमलं नाही. बिचारा विंडोज सेव्हनच्या काळातला, मालकासारखाच निवृत्तीला आलेला. थोरल्यांचा अँटिव्हायरस धाकट्यांच्या अँटिव्हायरसला चोर समजून धरायचा, धाकट्यांचा लाल चौकट दाखवून बोंब मारायचा, आणि या झोंबाझोंबीत पडदा जागच्या जागी थिजायचा.

तरी रामकिशनरावांनी महिनोन्‌महिने दुर्लक्ष केलं असतं. पण धोंड्याचा महिना आला. दोन्ही लेकी-जावई जेवायला यायचे होते, आणि सखुबाईंनी नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली. थोरल्या कोमलच्या लग्नात सखुबाईंच्या वडिलांनी, ग्यानबांनी, नातीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद म्हटला होता. ग्यानबा गेल्या वर्षी गेले. जेवणानंतर सगळ्यांनी मिळून तो व्हिडिओ बघायचा, बापाचा आवाज एकदा ऐकायचा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

लग्नाची सीडी कपाटात आहे अशी सखुबाईंची समजूत होती. ती सीडी गच्चीवर होती. व्हिडिओ कॉम्प्युटरमध्ये उतरवून झालाय, मग रिकामी चकती कशाला पडू द्यायची, असा हिशोब करून रामकिशनरावांनी ती पापडांवर चिमण्या येऊ नयेत म्हणून दोरीला टांगली होती. वाऱ्याने भिंतीवर आपटून तिच्यावर ओरखडेच ओरखडे उठले होते. चमकणारं ते काहीतरी पाहून सखुबाईंनी नवऱ्याला शाबासकीही दिली होती. घरात शाबासकी क्वचितच मिळत असल्यामुळे रामकिशनरावांना खरं सांगायचा धीर झाला नाही.

जेवणाच्या दिवशी सकाळी त्यांनी हिंगोलीला कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या धम्मदीपला फोन लावला. दोन्ही अँटिव्हायरस एका मशीनमध्ये नांदणार नाहीत, एक काढावाच लागेल, असं तो म्हणाला.

"पण कोणाचा काढू?"

"कोणचाबी काढा काका. मशीनला काय फरक पडून राहिला?"

(धम्मदीपचं लग्न झालेलं नव्हतं. सासऱ्याची तकलीफ त्याला कळण्याचं काही कारण नव्हतं.)

जेवण व्हायच्या आधी जावई बाहेरच्या खोलीत कूलरसमोर पहुडले तेव्हा रामकिशनराव मन घट्ट करून धाकट्यांचा काढायला बसले. खरंच काढायचा का, असं मशीनने विचारलं आणि नेमके सुरजराव पाणी प्यायला आत आले. मामा, काय करून राहिले, म्हणाले. तुमचा अँटिव्हायरस किती बराबर चालतो ते बघून राहिलो, असं म्हणत मामांनी घाईने 'नाही' दाबलं. मग थोरल्यांचा काढायला घेतला, तर दारात बालाजीराव. पुन्हा तेच कौतुक, पुन्हा तेच 'नाही'. आता पडदा साफच थिजला आणि मामांना घाम फुटला.

जेवताना त्यांच्या घशाखाली धोंडा उतरेना. सखुबाईंनी ते बघितलं आणि तूप वाढता वाढता सरळ विचारलं. रामकिशनरावांनी मान खाली घालून दोन अँटिव्हायरसांचं भांडण सांगितलं. (सीडीचं सांगितलं नाही. एका बैठकीत किती सांगायचं.)

मग बालाजीराव म्हणाले, "माझा काढा मामा. सुरजरावांचा नवा हाय."

"न्हाई न्हाई. तुमी थोरले, तुमचा राहू द्या. माझाच काढा."

दोघे साडू हट्टाला पेटले. आपलाच निघाला पाहिजे म्हणून बालाजीराव हात धुऊन मशीनशी गेले, मागोमाग सुरजराव. थोरल्यांनी थिजलेलं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि आपला काढला. आता माझा राहिला तर बरं दिसत नाही, म्हणून धाकट्यांनीही आपला काढला. आणि कॉम्प्युटर, ज्याला आता कुणाचंच संरक्षण उरलं नव्हतं, कित्येक महिन्यांनी मोकळा श्वास घेऊन धावू लागला.

व्हिडिओ लागला. कोमल आणि धाकटी प्रतिक्षा आईला बिलगून बसल्या. मांडव दिसला, कोमलच्या डोक्यावर थरथरता हात दिसला, ग्यानबांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात फेटा बांधलेला एक माणूस आचाऱ्याला हाका मारत कॅमेऱ्यापुढे येऊन उभा राहिला. त्या रुंद पाठीमागे ग्यानबा दिसेनासे झाले. आवाज मात्र स्वच्छ येत होता, थकलेला, मायेचा. सखुबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. रामकिशनरावांनाही भरून आलं. पडद्याशी उभं राहून तेही डोळे पुसू लागले.

"अवं, जरा बाजूला सरका की," सखुबाई हळूच म्हणाल्या.

रामकिशनराव चटकन बाजूला सरकले. फेट्यातले रामकिशनराव मात्र आशीर्वाद संपेपर्यंत जागचे हलले नाहीत.