डब्याबद्दल बोलण्याचा हक्क

त्या दिवशी डब्यात दोडका नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं नवनाथ आहेर आजही शपथेवर सांगतो. (शपथ त्याला वरचेवर घ्यावी लागते, कारण नुसत्या बोलण्यावर घरात कुणी विश्वास ठेवत नाही.)

नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात तो प्लॅनिंगला होता. कुठल्या मशीनला कधी किती माल लागेल, हे आठवडाभर आधी ठरवायचं, हे त्याचं काम. कंपनीत दरवर्षीसारखी तपासणी झाली आणि डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पोटाकडे बघत सांगितलं, की तेल कमी करा, मोड आलेली कडधान्यं खा. नेमका त्याच दुपारी डब्यात तेलात पोहणारा दोडका निघाला. झालं. नवनाथ तणतणतच सिडकोतल्या घरी पोचला.

त्याची बायको शुभांगी शाळेत शिक्षिका. ती उत्तरपत्रिका तपासत बसली होती. नवनाथने चपला काढायच्या आधीच भाषण सुरू केलं. रोज सकाळी उठून ‘आज डब्याला काय करू’ म्हणत कपाळाला हात लावायचा, याला काय अर्थ आहे? कंपनीत असा कारभार केला तर गेटला कुलूप लागेल. अगं, रविवारी जरा डोकं चालवलं तर पाचही दिवसांचे साधे, पौष्टिक डबे हसत हसत तयार होतात. पण नियोजन म्हणून काही असतं, हे या घराला माहीतच नाही.

शुभांगीने लाल पेनाला टोपण लावलं. ती टोपण लावते तेव्हा वर्ग गप्प होतो. नवनाथ मात्र गप्प झाला नाही, आणि तिथेच त्याचं चुकलं.

“करून दाखवा,” ती म्हणाली. “सोमवार ते शुक्रवार तिघांचे डबे तुम्ही भरायचे. बाहेरचं खायचं नाही, आणि तुमचा डबा संध्याकाळी रिकामा घरी आला पाहिजे. जमलं तर डब्याबद्दल जन्मभर काय हवं ते बोला. नाही जमलं तर पुन्हा ब्र काढायचा नाही.”

वरवर बघता गंमत वाटेल, पण नवनाथसाठी हा जीवनमरणाचा प्रश्न होता. टीव्हीचा रिमोट आठवीतल्या लेकीकडे, सृष्टीकडे गेलेला, कपाटाच्या किल्ल्या शुभांगीकडे. डब्याला नावं ठेवणं, एवढा एकच अधिकार त्याच्याकडे उरला होता. तोही गेला असता तर घरात त्याला काम काय राहिलं असतं?

त्याने फ्रिजच्या दारावर रंगीत तक्ता लावला. मुख्य माल मटकी. माणशी रोज दोन वाट्या, माणसं तीन, दिवस पाच, वर थोडा सेफ्टी स्टॉक. हा हिशेब त्याने कोरड्या मटकीचा धरला आणि शनिवारी सकाळी सगळी एकदम भिजत घातली. शुभांगीने ते बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. कुणी लुडबुड करायची नाही, असं त्यानेच बजावलं होतं ना! (तरी पण हा तिचा दुष्टपणाच, या मतावर नवनाथ अजून ठाम आहे.)

आता त्या बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? अंबडला लोखंड आणलं तर ते लोखंडच राहतं. पाण्यात घातलं म्हणून दुपारपर्यंत दुप्पट होत नाही. मटकी झाली. पातेल्याचं झाकण तिने उचललं, मग टोप भरला, मग कुकर, मग बादली. मोड यायला ती कापडात बांधायची तर फडकी संपली. टॉवेल झाले, पंचा झाला, शेवटी उशीच्या खोळी निघाल्या. गॅलरीच्या दोरीवर आणि ग्रिलला ठिबकणारी गाठोडी लटकली, तेव्हा शेजारच्या सरुबाईंनी हात जोडून विचारलं, की कसला नवस बोललात हो? वर नाशिकचा एप्रिल महिना. रविवारी सकाळी मोड असे तरारून आले होते, की खोळींच्या शिवणीतून बाहेर डोकावत होते.

नवनाथ हरला नाही. त्याने सगळी मटकी डब्यांत भरली, डब्यांवर वारांच्या चिठ्ठ्या लावल्या आणि फ्रिज लावला. दूध बाहेर राहिलं आणि नासलं. भाज्या बाहेर राहिल्या आणि सुकल्या. मटकी मात्र आत थंडगार बसली होती.

आता कंपनीतली पद्धत सांगायला हवी. त्यांच्या टेबलावर जेवायला पाच जण: नवनाथ, घोटीहून येणारा स्टोअरचा पुंजाराम, समर्थ, तेजल आणि सावळीराम. डबे उघडून मधे ठेवायचे, ते फिरवायचे, आणि आपला डबा सोडून बाकी सगळ्यांचं खायचं. असा नियम कुणी भिंतीवर लावलेला नव्हता, पण आपल्याच डब्यात हात घालणं तिथे गावंढळ समजलं जाई. एवढी वर्षं शुभांगीच्या डब्याला नावं ठेवणाऱ्या नवनाथच्या वाट्याला त्यातला बोटभर रस्सा येई, आणि डबा रिकामा करायचं काम बाकीचे करीत. हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

सोमवारी त्याने काकडी घालून मटकी नेली. सगळ्यांनी चमचाभर घेतली आणि फार छान म्हणाले. मंगळवारी बिनतेलाची उसळ नेली. डबा टेबलावरून फिरला आणि गेला तसाच परत आला. मग रिकामा कोणी करायचा? नवनाथने एकट्याने तो खाली मान घालून संपवला. पुंजारामने ते बघितलं, खुर्ची जवळ ओढली आणि हळूच म्हणाला, “साहेब, घरी समदं ठीक हाय ना? वहिनी माहेरी गेल्यात का?”

नवनाथने ठणकावून सांगितलं, की बायको घरीच आहे, डबा मी माझ्या हौसेने करतोय. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. हौसेने असं कुणी खातं का? म्हणजे प्रकरण फारच हाताबाहेर गेलेलं दिसतंय. तेजलने आपली पोळी त्याच्या पुढ्यात सरकवली.

बुधवारी मटकीचे पराठे, गुरुवारी मटकीभात. मीटिंगमध्ये मॅनेजरसाहेब बोलत असताना नवनाथच्या पोटाने मधेच आपलं स्वतंत्र मत मांडलं. सृष्टीने जाहीर केलं, की तिच्या मैत्रिणी आता बाक बदलून बसतात. नवनाथचा संताप अनावर झाला. हेच नाशिककर रविवारी मिसळीच्या रांगेत तासभर उभे राहतात! तर्रीत बुडवली की हीच मटकी अमृत, आणि कोरडी समोर ठेवली की लोक माणसाचा संसार मोडला समजतात. चांगल्या गोष्टीची कदरच राहिली नाही, असं तो अंघोळ करतानाही मोठ्याने म्हणत होता.

गुरुवारी फ्रिज उघडला तरी निम्मा माल शिल्लकच. टाकून द्यावा तर शुभांगी बघणार. मग शुक्रवारी त्याने पिशव्या भरल्या आणि टेबलावर प्रत्येकाच्या हातात एकेक ठेवली. घरी न्या, प्रथिनं आहेत, म्हणाला. दुःखी माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून सगळ्यांनी मुकाट्याने घेतल्या. उरलेला टोप सरुबाईंना दिला.

संध्याकाळी त्याने रिकामा डबा शुभांगीसमोर आपटला. तिने झाकण उघडून आत बघितलं आणि हार मान्य केली. “आता बोला जन्मभर,” म्हणाली. नवनाथची छाती फुगली. शनिवार-रविवार तो सोमवारी बोलायची वाक्यं मनात घोळवत होता.

सोमवारी शुभांगीने भरली वांगी केली. कूट, खोबरं, काळा मसाला. आठवडाभर मटकी खाल्लेल्या माणसाच्या नाकाला तो वास बाईकवर बसल्या बसल्याही येत होता. कारखान्यात त्याचं कामात लक्ष लागेना. आज पद्धत गेली चुलीत, पहिलं वांगं मीच खाणार, असं त्याने ठरवून टाकलं.

जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले. पुंजारामच्या डब्यात मटकी. समर्थच्या डब्यात मटकी. तेजलच्या आणि सावळीरामच्याही डब्यात मटकी. बायको म्हणाली वाया कशाला घालवायची, असं पुंजाराम खाली बघत म्हणाला. मग नवनाथने आपल्या डब्याचं झाकण काढलं.

“वहिनी आल्या!” पुंजारामचा आवाज भरून आला होता.

सगळ्यांनी उठून नवनाथचं अभिनंदन केलं. तेजलने त्याचा हात हातात घेतला, आणि तो हात सुटेपर्यंत डबा टेबलाच्या पलीकडच्या टोकाला पोचला होता. समर्थने खिशातून मिठाची पुडी काढून वांग्यांवर शिंपडली. (पुडी रोजच्या काकडीसाठी आणली असेल, असं नवनाथला वाटलं.) डबा परत आला तेव्हा तळाला देठ होते. नवनाथने चारही डब्यांतली मटकी मुकाट्याने ताटात घेतली. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

संध्याकाळी शुभांगीने रिकामा डबा हातात घेतला आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. कशी झाली होती वांगी, तिने विचारलं. बोला, तुमचा हक्क आहे.

वांग्याची चव त्याने घेतलीच कुठे होती? पण इतक्या कष्टाने मिळवलेला हक्क पहिल्याच दिवशी वाया कसा घालवायचा? नवनाथने घसा खाकरला.

“चव बरी होती,” तो म्हणाला. “मीठ मात्र जरा जास्त झालं होतं.”

शुभांगीने रिकामा डबा खाली ठेवला. मीठ घालायचंच ती सकाळी विसरली होती. शाळेत सगळ्या बाई वरून मीठ घेऊन जेवल्या होत्या. हे तिने त्याला अगदी शांतपणे सांगितलं, आत गेली आणि एक झाकलेला वाडगा आणून त्याच्या पुढ्यात ठेवला.

“सरुबाईंनी पाठवलीय,” ती म्हणाली. “खाऊन बघा, आणि हिच्यात मीठ कसं आहे ते सांगा.”